हॅचरी नको, आधी संगोपन तळं करा : गावच्या तलावात मासे परत आणण्याविषयी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : नवी मुंबईतल्या घणसोली-ऐरोलीच्या पट्ट्यातलं मूळ आगरी-कोळी गाव. गावात साधारण एक हेक्टरचा जुना तलाव आहे, त्यात आता चिलापीशिवाय फारसं काही लागत नाही. पश्चिमेला खाडी, तिथेही बोय, जिताडा, कोळंबी पूर्वीसारखी मिळत नाही. गावातलं तरुण मंडळ, महिला बचत गट आणि शेजारच्या दोन सोसायट्या वर्गणी काढायला तयार आहेत. त्यातून गावाची स्वतःची छोटी हॅचरी (माशांची अंडी उबवून पिल्लं काढण्याची जागा) उभी करावी आणि दर पावसाळ्यात तलावात नि खाडीत बीज (माशांची लहान पिल्लं) सोडावं, असा विचार आहे. कुठले मासे घ्यावेत, खर्च कशावर करावा आणि याचा खरंच उपयोग होतो का?

उपयोग होतो. ठाणे जिल्ह्यातल्या मच्छीमार संस्थांबरोबर मत्स्यबीजाचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि नीट केलं तर दुसऱ्याच वर्षी फरक दिसतो. पण हॅचरी काढू नका. तुमचा पैसा आणि तुमची माणसं दोन्ही दुसऱ्या जागी लागणार आहेत.

हॅचरी का नको, ते आधी सांगतो. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. तुमच्या एक हेक्टर तलावाला, वरून खाद्य घालायचं नसेल तर, वर्षाला ५०० ते १,००० चांगल्या बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पुरतात. पाणी फार हिरवं, म्हणजे प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) भरपूर असेल, तर थोड्या जास्त. म्हणजे एका जोडीची अंडीसुद्धा तुमच्या गरजेच्या कितीतरी पट आहेत. अंडी मिळवणं हा प्रश्न देशाने केव्हाच सोडवला आहे. कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात आपणहून अंडी देत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी बीज नद्यांमधून गोळा करत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांची पैदास यशस्वी केली. तोच दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आज तर संप्रेरकाची तयार बाटली मिळते.

उलट हॅचरी चालवणं जिकिरीचं आहे. गोल टाकीत पाणी सतत फिरत राहिलं पाहिजे, अंडी तळाला बसता कामा नयेत. २७ ते ३० अंश तापमानाला चौदा ते अठरा तासांत पिल्लं फुटतात, मग तीन दिवस ती स्वतःच्या बलकावर जगतात. या काळात मध्यरात्री पंप बंद पडला आणि कोणाला कळलं नाही, तर सकाळी टाकीत काही उरत नाही. नळाचं पाणी चालत नाही, कारण त्यातलं क्लोरीन पिल्लांना मारतं. प्रजनक नर-माद्यांना वर्षभर वेगळी तळी लागतात, आणि नवी मुंबईतल्या गावठाणात तेवढी जागा कुठून आणणार? शिवाय चार-सहा जोड्यांवर वर्षानुवर्षं चाललेल्या लहान हॅचरीत जवळच्या नात्यातली पैदास होत राहते. बीज खुरटं निघतं, कटला-रोहूचा संकर होतो आणि तेच पुढे सगळ्या तलावांत जातं. तेव्हा हॅचरीचं काम ज्यांच्याकडे जागा, पाणी आणि तंत्रज्ञ आहेत त्यांच्यावर सोपवा. त्यांच्याकडून नियमित, आगाऊ मागणी नोंदवून बीज घ्या. चार-पाच गावांनी एकत्र मागणी दिली तर स्थानिक हॅचरीला हंगामाआधी गिऱ्हाईक पक्कं होतं, आणि ती प्रजनक मासे बदलण्याचा खर्च करू शकते. गावाने हॅचरीला आधार द्यायचा तो असा.

आता गावं चुकतात कुठे, ते पाहू. बीजाचे तीन टप्पे आहेत. मत्स्यजिरे सहा ते आठ मिलिमीटरचं, मत्स्यबीज वीस-पंचवीस मिलिमीटरचं आणि मत्स्यबोटुकली ८० ते १०० मिलिमीटरची. जिरे अतिशय स्वस्त, बोटुकली महाग. म्हणून बहुतेक ठिकाणी जुलैमध्ये जिरे किंवा बारीक बीज आणतात, हजारोंच्या संख्येने तलावात ओततात आणि आकडा जाहीर करतात. पण तलावात चिलापी आहे, मरळ आहे, वर पाणकावळे आणि खंड्या आहेत. जिऱ्याला तर पाण्यातले किडेसुद्धा खातात. आठवड्याभरात त्यातलं जवळपास सगळं संपतं. मग लोक म्हणतात, बीज सोडून काही होत नाही.

आपल्याकडे भात कोणी थेट खाचरात फेकून मोकळं होत नाही. राब भाजतो, रोप तयार करतो आणि मग लावणी करतो. माशाचंही तसंच आहे. जिऱ्यापासून बीज होईपर्यंत नीट सांभाळलेल्या तळ्यातही शंभरातले तीस-चाळीसच वाचतात. बीजापासून बोटुकली होईपर्यंत साठ-सत्तर वाचतात. पहिला अवघड टप्पा हॅचरीवाल्याकडे राहू द्या. तुम्ही वीस-पंचवीस मिलिमीटरचं बीज विकत घ्या आणि दुसरा टप्पा गावात करा.

त्याला जागा किती लागते? हेक्टरी दोन-तीन लाख बीज या प्रमाणाने एका गुंठ्याच्या तळ्यात दोन ते तीन हजार बीज मावतं. त्यातून अडीच-तीन महिन्यांत बाराशे ते दोन हजार बोटुकल्या निघतात. तुमचा तलाव एवढ्यात भागतो. म्हणजे गावाला एका गुंठ्याचं संगोपन तळं पुरे. तेवढीही जागा नसेल तर तलावातच बांबूला बांधलेले हापे लावा. हापा म्हणजे बारीक जाळीच्या कापडाचा, वरून उघडा, चौकोनी कप्पा. त्याच्या जाळीवर शेवाळ धरतं आणि पाणी आतबाहेर खेळेनासं होतं, म्हणून दर तीन-चार दिवसांनी जाळी बाहेरून हलक्या हाताने ब्रशने घासावी लागते. वर पक्ष्यांसाठी जाळी हवीच.

तळं मेअखेरीस सुकवा, चुना मारा, पाणी भरण्याआधी शेण आणि शेंगदाणा पेंड घाला. पाणी हिरवट-तपकिरी झालं की बीजाला नैसर्गिक खाद्य तयार झालं. वरून भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड सम प्रमाणात, रोज बीजाच्या अंदाजे वजनाच्या ५ ते १० टक्के, दोन वेळांत विभागून. खाद्य फेकू नका, ताटलीत घालून पाण्यात सोडा. दोन तासांनी ताटली वर काढली की सगळं कळतं. रिकामी असेल तर दुसऱ्या दिवशी थोडं वाढवा, उरलं असेल तर कमी करा. उरलेलं खाद्य कुजून रात्री पाण्यातला ऑक्सिजन खातं.

हे काम बचत गटातल्या बायका फार चांगलं करतात. मुरबाडकडच्या एका गावात मी पाहिलेली पद्धत सांगतो. उजाडायच्या आधी दोघीजणी टॉर्च घेऊन तळ्यावर येत. बीज पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडत असेल तर बादलीने पाणी उंचावरून ओतून तळं ढवळून काढत आणि सकाळचं खाद्य बंद ठेवत. वहीत चारच रकाने होते : तारीख, खाद्य, मेलेलं बीज, पाण्याचा रंग. त्या वहीमुळे पुढच्या वर्षी नवीन गटाला काहीही वेगळं शिकवावं लागलं नाही. तुम्हीही पहिल्या दिवसापासून अशी वही ठेवा.

बीज घेताना डोळे उघडे ठेवा. घमेल्यात पाणी घेऊन त्यात थोडं बीज सोडा आणि हाताने पाणी गोल फिरवा. सशक्त बीज प्रवाहाच्या उलट पोहत काठाला राहतं, अशक्त बीज मध्ये गोळा होतं. मध्ये फार बीज जमलं तर तो माल परत द्या. मोजणी गाळणीने होते. एक गाळणी भरून त्यातलं बीज खरोखर मोजायचं आणि बाकी गाळण्यांनी गुणायचं. ती पहिली गाळणी तुमच्या माणसाने भरावी आणि मोजावी. बारीक मिशा असलेलं काही दिसलं तर थांबा. थाई मांगूर मिसळून येतो. त्याच्या पैदाशीला आणि विक्रीला बंदी आहे आणि तो एकदा तलावात शिरला की बाकीचे मासे संपवतो.

पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन असतो. आणल्यावर पिशवी लगेच फोडू नका. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या आणि बीज आपणहून बाहेर पडू द्या. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, भर दुपारी कधीही नाही.

बीज जुलैच्या मध्यावर आणलं तर बोटुकली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तयार होते. हे वेळापत्रक आपल्याकडे फार सोयीचं आहे, कारण गणेश विसर्जनानंतरच तलावात मासे सोडायला हवेत. निर्माल्य कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं, आणि रंग नि प्लॅस्टरचा थर तळाला बसतो. ठाण्यात कृत्रिम तलावांतलं विसर्जन बऱ्यापैकी रुळलं आहे, त्याचा तिथल्या तलावांना नक्की फायदा झाला. तुमच्या गावात अजून मूळ तलावात विसर्जन होत असेल तर निदान निर्माल्याला वेगळा कलश आणि मूर्तींना काठाला वेगळी टाकी, एवढं मंडळाने यंदाच करावं. अनंत चतुर्दशीनंतर दोन आठवडे जाऊ द्या, पाणी बघा आणि मग बोटुकल्या सोडा.

कुठले मासे? कटला वरच्या थरात प्लवंग खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला. शहरी तलाव हिरवे असतात म्हणून कटला थोडा जास्त, दहात चार, आणि रोहू, मृगळ तीन-तीन. सायप्रिनस (कॉमन कार्प) घेऊ नका. तो तळ उकरतो, पाणी कायम गढूळ ठेवतो आणि बांध पोखरतो.

चिलापीचं काय करायचं, हा खरा कठीण भाग. हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण होते आणि तलाव बारीक, खुरट्या चिलापीने भरून जातो. सार्वजनिक तलावात मोहाची पेंड किंवा दुसरं काही टाकून सगळे मासे मारण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. संगोपन तळं तयार करताना मोहाची पेंड वापरतात ते ठीक आहे, पण तुमच्या तलावात कासवं आहेत, पाणपक्षी आहेत आणि लोक पाण्यात उतरतात. त्यापेक्षा चैत्र-वैशाखात, पाणी सर्वांत कमी असताना, गावातल्या जाणत्या कोळ्यांना घेऊन सलग आठ-दहा वेळा ओढजाळं फिरवा. चिलापी जेवढी निघेल तेवढी काढा आणि विका. ती विक्री हीच तुमच्या बीजाची पहिली वर्गणी. रायगडच्या खारेपाटात जिताडा गोड्या तळ्यांत सोडायची जुनी पद्धत आहे. तुमचे कार्प, म्हणजे कटला, रोहू, मृगळ, पाव किलोच्या वर गेले की पन्नास-साठ जिताडे सोडून बघा. तो चिलापीची पिल्लं आवडीने खातो. त्याआधी सोडला तर तुमच्या बोटुकल्याच खाईल.

तलावात कारंजं असेल तर ते कधी चालतं, ते बघा. ठाण्या-नवी मुंबईतल्या बहुतेक तलावांत कारंजं संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी लावतात आणि रात्री दहाला बंद करतात. माशांना त्याची गरज पहाटे दोन ते सहा या वेळेत असते. हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं आणि रात्रभर तोच खातं, त्यामुळे उजाडण्याच्या सुमारास पातळी सर्वांत खाली जाते. तलावांत अचानक शेकडो मासे मेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यातल्या कितीतरी घटना ढगाळ दिवसानंतरच्या पहाटेच्या असतात. महापालिकेच्या उद्यान विभागाला पत्र देऊन कारंज्याच्या टायमरची वेळ बदलून घ्या. याला एक पैसाही लागत नाही.

आणखी एक विनंती करा : सुशोभीकरणात तलावाच्या चारही बाजूंना उभी काँक्रीटची भिंत नको. एक बाजू तरी मातीच्या उताराची आणि पाणवनस्पतींची राहू द्या. मरळीसारखा आपला मासा काठच्या गवतात घर करून अंडी घालतो आणि पिल्लांची राखण करतो. त्याला हॅचरी लागत नाही, काठ लागतो.

आता गावाने मिळून काय करायचं, याकडे येतो. माझ्या मते सगळं काम यावर उभं आहे किंवा पडणार आहे. बीज ही या कामातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. बोटुकली सोडल्यापासून ती पाऊण-एक किलोची होईपर्यंतचे दहा-बारा महिने तिला कोणी पकडायचं नाही, हे गावाने ठरवायचं असतं, आणि ते ठरवायला महापालिकेचा फलक पुरत नाही. तुमच्या गावात गावकी आहे. गावकीचा ठराव घ्या, जत्रेच्या बैठकीत सगळ्यांसमोर घ्या, कारण तो शब्द मोडायला माणूस दहादा विचार करतो. ठरावात चारच गोष्टी असू द्या. बोटुकली सोडल्यावर ठरावीक महिन्यांपर्यंत पाग किंवा कुठलंही जाळं नाही. त्यानंतरही मोठ्या आसाचंच जाळं, म्हणजे लहान मासा निसटला पाहिजे. गळ टाकणाऱ्यांना ठरलेले दिवस आणि ठरलेला काठ. आणि मोडणाऱ्याला दंड, तो कोणाचाही मुलगा असो.

मासे कोणाचे, हे बीज आणण्याच्या आधी ठरवा. मी मोडलेल्या योजना पाहिल्या त्या पहिल्या चांगल्या पिकाला मोडल्या. मासे दिसेपर्यंत सगळे एक असतात. ज्या कुटुंबांची चूल परंपरेने या पाण्यावर चालली, त्यांचा मासेमारीचा हक्क पहिला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सोसायटीतल्या लोकांनी वर्गणी दिली म्हणून तलावावर मालकी येत नाही. त्यांना विक्रीच्या दिवशी काठावर ताजा मासा रास्त भावात आधी मिळावा, हे पुष्कळ झालं. बचत गटाला संगोपनाची मजुरी रोख मिळाली पाहिजे, ती कौतुकावर भागवू नका. आणि विक्रीतून सर्वांत आधी पुढच्या वर्षीच्या बीजाचे पैसे बाजूला काढा, बाकी वाटणी नंतर. ज्या संस्थांनी हा क्रम पाळला त्यांना दुसऱ्या वर्षी कोणाकडे हात पसरावा लागला नाही.

सोसायटीवाल्यांना पैशांपलीकडे तीन कामं द्या. तलावात पाव आणि उरलेलं अन्न टाकणं थांबवा, ते कुजतं. घरच्या टाकीतले मासे तलावात सोडू नका. सकरमाउथसारखा मासा एकदा पसरला की जाळी फाडतो आणि काढता येत नाही. आणि सोसायटीचं सांडपाणी नेमकं कुठे जातं ते शोधून काढा. हे तिसरं काम ज्यांना महापालिकेत पाठपुरावा करता येतो अशा लोकांनीच करायचं आहे. त्यांच्या वर्गणीपेक्षा ते मोलाचं आहे.

कागदपत्रं थोडक्यात. तलाव महापालिकेचा असेल तर बीज सोडायच्या आधी लेखी परवानगी घ्या. गावात नोंदलेली मच्छीमार सहकारी संस्था असेल तर अर्ज तिच्या नावाने करा, कारण मंडळ आज आहे, उद्या नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत संगोपन तळ्यांना अनुदानाची तरतूद आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के. म्हणून अर्ज बचत गटातल्या पात्र महिलेच्या नावे करता येईल का, ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात जाऊन आधी विचारा.

आता खाडी. खाडीत कार्पचं बीज सोडू नका. ते गोड्या पाण्याचे मासे आहेत, भरतीच्या पहिल्या पाण्यातच मरतील. खाडीचे मासे वेगळ्या रीतीने वाढतात. बोय समुद्रात अंडी देते आणि तिची पिल्लं भरतीबरोबर आत येतात. कोळंबीचंही तसंच. जिताडा पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी अंडी घालतो आणि पिल्लं कांदळवनात, खाजणात (भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनीत), पार गोड्या ओहोळापर्यंत चढतात. म्हणजे खाडीची हॅचरी समुद्र आहे आणि संगोपन तळं कांदळवन. ते दोन्ही निसर्गाने फुकट चालवलेले आहेत. आपण फक्त त्यांच्या मधला रस्ता बंद केला : भराव, राडारोडा, बुजलेल्या मोऱ्या आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं कारखान्यांचं नि वस्त्यांचं पाणी. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात बाहेरून आणलेलं बीज सोडणं म्हणजे ते मारणं.

ठाणे खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. त्याच्या १,६९० हेक्टरपैकी ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. तेव्हा तुमच्या बाजूला गावाने करण्यासारखं हे : ज्या मोऱ्यांतून आणि उघाड्यांतून (बांधातल्या झडपांतून) भरतीचं पाणी खाजणात जातं त्या पावसाळ्यापूर्वी साफ करून घ्या, कांदळवनात डंपर रिकामे होताना दिसले की फोटो, वेळ आणि जागेसह वन विभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा, आणि पावसाळ्यात बारीक आसाच्या बोकशीने (पिशवीसारख्या जाळ्याने) पिल्लं मारणं गावाच्या ठरावाने थांबवा. डोळ्यांनी पाहिलं तर पटतं. ओहोटीच्या वेळी बोकशीचं टोक पाटीत रिकामं करा आणि कोळंबीच्या त्या मूठभर ढिगाऱ्यात बोटाने शोधा. नखाएवढी बोय, काडीएवढा जिताडा, पारदर्शक खेकड्याची पिल्लं. विकायला त्यातलं काहीच येत नाही, सगळं काठावर पडून राहतं.

जिताड्याबद्दल आणखी एक. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. पाच-सहा किलोच्या वरचा जिताडा बहुधा मादी. पावसाळ्यात एवढा मोठा मासा मिळाला की आनंद होतो आणि भावही उत्तम येतो, हे मला माहीत आहे. पण खाडीतल्या जवळपास सगळ्या माद्या याच आकारात आहेत, म्हणून विणीच्या महिन्यांत मोठा जिताडा सोडून देण्याचा नियम एखाद्या कोळीवाड्याने केला, तर हजारो पिल्लं विकत आणून सोडण्यापेक्षा तो जास्त देईल. जिताड्याची पैदास हॅचरीत होते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव पालन संस्थेने १९९७ मध्ये ती देशात पहिल्यांदा यशस्वी केली. ते बीज पिंजऱ्यात किंवा तळ्यात वाढवण्यासाठी घ्यावं. लहानपणी ही पिल्लं एकमेकांनाच गिळतात, त्यामुळे दर चार-पाच दिवसांनी आकाराप्रमाणे वेगळी करावी लागतात. तुम्हाला त्यात रस असेल तर कांदळवन कक्षाची उपजीविका योजना पाहा. त्यात कांदळवन राखणाऱ्या गावांतल्या गटांना खेकडापालन, कालवंपालन, पिंजऱ्यातला जिताडा यांसाठी मदत मिळते. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, खाऱ्या जमिनीतल्या मत्स्यपालनाबद्दल तिथे जाऊन विचारता येतं.

तुमचे पाहुणे-नातेवाईक कल्याण, मुरबाड, शहापूरकडे असतील, आणि त्यांनी काळू किंवा उल्हास नदीत बीज सोडायचं म्हटलं, तर त्यांच्यासाठी दोन शब्द. नदीत सोडायचं बीज त्याच नदीतल्या प्रजनक माशांचं असावं. लोणावळ्याला टाटांच्या हॅचरीत १९७०च्या दशकापासून महाशीर या नदीतल्या मोठ्या माशाची पैदास होते आणि ते काम मोठं आहे. पण तोच दख्खनी महाशीर कावेरीत सोडला गेला, तिथे फोफावला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबड्या महाशीर मागे पडत गेला. तो आज अतिधोक्यात असलेल्या जातींत आहे. चांगल्या हेतूने सोडलेलं बीजही दुसऱ्या माशाचं घर घेऊ शकतं.

आणि नदीकाठच्या गावांनी बीज आणायच्या आधी वलगणीचा विचार करावा. पहिला जोराचा पाऊस झाला की अंड्यांनी भरलेले मासे नदीतून ओहोळात, ओहोळातून खाचरात चढतात. त्या रात्री सगळा गाव टॉर्च, काठ्या, जाळी घेऊन बांधावर असतो. मीही त्यात वाढलो, वलगणीच्या माशाची चव मला कोणी सांगायला नको. पण पूर्वी ओहोळ अनेक होते आणि हातात जाळी कमी होती. आता ओहोळ काँक्रीटचे झाले, आडवे बंधारे आले, आणि राहिलेल्या एक-दोन वाटांच्या तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत नायलॉनचं जाळं लागतं. चढणारी प्रत्येक मादी अंड्यांसकट जाते. शहापूरकडच्या काही जाणत्या म्हाताऱ्यांशी बोलून मी जो तोडगा सुचवतो तो साधा आहे. पहिल्या पावसाचे पहिले तीन दिवस एका ओहोळाला कोणी हात लावायचा नाही. बाकीच्या ओहोळांत जाळं अर्ध्याच रुंदीला लावायचं. आणि अंडी घालून मासे परत उतरू लागले की मग खुशाल धरायचे. वलगण बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्याचं गावात कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये. पारसिकच्या डोंगरातून तुमच्या तलावात येणारा एखादा ओहोळ अजून उघडा राहिला असेल तर तुम्हालाही हेच लागू आहे.

खर्चाचं विचारलंत, तर क्रम असा ठेवा : आधी ओढजाळं आणि ते फिरवणाऱ्यांची मजुरी, मग संगोपन तळं किंवा हापे, बचत गटाचा मेहनताना, राखणीच्या रात्रींचा चहा-टॉर्च, आणि सर्वांत शेवटी बीज. आत्ता लगेच करायचं काम म्हणजे तलावाचं पाणी तपासून घेणं. सलग चार-पाच दिवस पहाटे साडेपाचला आणि दुपारी तीनला विरघळलेला ऑक्सिजन मोजा. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात विचारलं तर त्यासाठी मदत मिळू शकते. पहाटेचा आकडा लिटरला तीन मिलिग्रॅमच्या खाली येत असेल तर यंदा मासे सोडू नका, वर्षभर सांडपाणी आणि कारंजं या दोन गोष्टींच्या मागे लागा. आकडे चांगले असतील तर गावकीची बैठक जूनच्या आत घ्या, म्हणजे जुलैच्या बीजाची मागणी वेळेत नोंदवता येईल.